जठारपेठेतला शालिकराम

वामनरावाला एका मेलेल्या माणसाचा हेवा वाटत होता, आणि त्या माणसाचं नावसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. जिवंत माणसाचा हेवा करणं त्या मानानं सोपं. त्याच्या दारावरून मुद्दाम जावं, त्याचा फाटका जोडा पाहावा, घरातलं भांडण ऐकावं, की जीव जरा थंड होतो. मेलेल्याचं तसलं काहीच पाहायला मिळत नाही. तो आपला जसा गेला तसाच तरणाताठा राहतो, आणि इकडे आपले केस पांढरे होत जातात.

मेलेला म्हणजे माणिकबाईचा पहिला नवरा. माणिकबाई ही वामनरावाची बायको. वामनराव मूळ वलगावचा, माळ्याचा मुलगा. बापाचा वांग्यांचा आणि झेंडूचा मळा होता, पण हा चार बुकं जास्त शिकला आणि अमरावतीला सरकारी कचेरीच्या दप्तरखान्यात कारकून झाला. माणिकबाई अकोल्याकडची विधवा. माळ्यांत विधवेचं दुसरं लग्न, म्हणजे पाट, लागतो, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. फक्त बिनलग्नाच्या पोरानं विधवेशी पाट लावायचा तर आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावावं लागतं, म्हणजे तोही एकदाचा लग्न झालेला ठरतो. वामनरावाचंही लावलं होतं. रुईला हळद लागली, तिच्यावर अक्षता पडल्या, मग मामानं ती उपटून बांधावर फेकली आणि वामनराव रीतसर विधुर झाला. कागदोपत्री दोघांची बरोबरी झाली म्हणा. पण रुईच्या झाडाची आठवण येऊन कुणी कधी उसासा टाकला आहे का? बायकोकडे मात्र आठवणीसाठी अख्खा माणूस होता, आणि हेच वामनरावाच्या पोटात दुखायचं.

घरात आल्या दिवशीच त्यानं तिला बजावलं होतं, "तिकडच्या गोष्टी इकडे आणायच्या नाही. त्या माणसाचं नाव या घरात निघालं नाही पाह्यजे."

"बरं," ती म्हणाली होती.

आणि खरोखरच नऊ वर्षं तिनं ते नाव काढलं नाही. दुसरा एखादा असता तर खूश झाला असता. वामनरावानं उलटाच हिशेब मांडला. बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही, ही तर आपल्याकडची रीत. ही माझं नाव घेत नाही, कारण मी नवरा. ही त्याचंही नाव घेत नाही. मग तो कोण? बंदी घातली आपणच, ती पाळली तर तोही तिचाच गुन्हा, असला हा न्याय होता. दोन लेकरं झाली, मोठा पाटी घेऊन शाळेत जायला लागला, तरी वामनरावाचा प्रश्न जागचा हलला नाही. हिच्या मनात नवरा कोण, मी की तो? तेवढं एक त्याला कळायला हवं होतं.

एका दिवाळीच्या आधी माणिकबाई ओसरीवर शेवंतीचा हार ओवत बसली होती. तिचा हात भारी चालायचा. बोलता बोलता ती शेजारच्या मनकर्णाबाईला म्हणाली, "जठारपेठेत आमच्या दुकानावर तं दिवाळीले बसाले जागा नाही राहे."

आतल्या खोलीत वामनराव सदऱ्याचं बटण लावत होता. 'आमच्या' हा शब्द त्याच्या कानात गेला आणि तो तसाच उभा राहिला. नऊ वर्षं झाली, दोन लेकरं झाली, आणि अजून 'आमच्या'! त्या दिवशी तो न जेवताच कचेरीत गेला.

पण कचेरीत जाऊन बसल्यावर त्याच्या डोक्यात एक गोष्ट आली. आपण काम कुठं करतो? वऱ्हाडातल्या चारी जिल्ह्यांचे जुने कागद ज्या खोलीत येऊन पडतात, त्या खोलीची किल्ली आपल्या कमरेला आहे. मेला तरी माणूस कागदात कुठंतरी असणारच. हाती तीन गोष्टी होत्या. जठारपेठेत फुलांचं दुकान. तिच्या तिकडच्या सासऱ्याचं नाव नत्थुजी, हे कधीतरी मेहुण्याच्या, म्हणजे किसनरावाच्या, बोलण्यात आलं होतं. आणि माणूस मोठ्या तापाच्या साथीत गेला. किसनरावाला सरळ विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण मेहुण्याला विचारणं म्हणजे आपली जळजळ आपणच ताटात वाढून देणं. ते वामनरावाला मरण आलं तरी जमलं नसतं.

आठ दिवसांत त्याला माणूस सापडला. अकोल्याच्या बाजारातल्या परवानेदारांची जुनी यादी होती. तिच्यात लिहिलं होतं, 'शालिकराम वल्द नत्थुजी, जात माळी, राहणार जठारपेठ, धंदा फुलांचं दुकान.'

नत्थुजीचा मुलगा शालिकराम! वामनरावानं ते नाव मनाशी दोन-तीनदा म्हणून पाहिलं. चांगलं भारदस्त नाव होतं, आणि तेच त्याला आवडलं नाही.

इथंच थांबला असता तर बरं झालं असतं. पण हेवा म्हणजे खरूज, खाजवल्याशिवाय राहवत नाही. तो रोज दुपारी डबा उरकून अकोल्याची बंडलं सोडायचा. धुळीनं शिंका यायच्या, पण शालिकराम पानापानाला भेटत होता. शेतीच्या प्रदर्शनात त्याच्या शेवंतीला दुसरं बक्षीस मिळालं होतं. 'दुसरंच ना!' असं म्हणून वामनरावानं समाधान करून घेतलं, पण आपल्याला आजवर कशालाच बक्षीस मिळालेलं नाही हेही त्याला त्याच क्षणी आठवलं. मग गल्लीत दिव्याचा खांब पाहिजे म्हणून जठारपेठेच्या लोकांनी केलेला अर्ज मिळाला. खाली बावीस अंगठे, आणि सगळ्यात वर एक सही. सही होती शालिकरामाची. अक्षर मोत्यासारखं, 'क'ची गाठ अशी मारलेली की कारकुनानं पाहत राहावं. वामनरावाचं सगळं आयुष्य लिहिण्यात गेलं होतं आणि त्याचं अक्षर मात्र सरपटत चालायचं. त्या दिवशी त्यानं कचेरीचे दोन कागद फुकट घालवून 'क' गिरवला.

एकदा मात्र त्याला आनंद झाला. मारामारीच्या एका प्रकरणात आरोपी म्हणून शालिकरामाचं नाव होतं. "सापडला लेकाचा!" वामनराव एवढ्या मोठ्यानं म्हणाला की पलीकडच्या मेजावरून भगवंतरावांनी चष्मा वर केला. भगवंतराव दप्तरखान्यातले जुने कारकून होते. ते म्हणाले, "वामनराव, अकोल्याचे कागद फार वाचता हल्ली. बदली मागून राहिले काय?"

"नाही जी, सहज," म्हणून वामनराव अधाशासारखं पुढं वाचू लागला. जबान्यांत लिहिलं होतं की बाजाराच्या ठेकेदाराच्या माणसानं एका म्हाताऱ्या माळणीची मेथीची टोपली लाथेनं उधळली, म्हणून शालिकरामानं त्याच्या कानफटात दिली. बाजारातल्या नऊ जणांनी त्याच्या बाजूनं साक्ष दिली होती. साहेबानं ताकीद देऊन सोडून दिलं. वामनरावानं बंडल बांधून फळीवर आपटलं. या माणसाचा दोषसुद्धा धड दोष निघत नव्हता.

शेवटचा कागद साथीच्या सालचा, एकोणीसशे अठराचा. तापानं घरंच्या घरं ओस पडली असताना बेवारशी मढी उचलून नेणाऱ्या सात जणांचे आभार मानल्याचा तो ठराव होता, आणि सातांत शालिकराम होता. त्यानंतर कुठल्याच यादीत, कुठल्याच अर्जात तो नव्हता. वामनरावानं कपाळाला हात लावला. म्हणजे लोकांची मढी उचलता उचलता गेला! मरणसुद्धा कसं निवडून घेतलं बेट्यानं. असल्या माणसाला कोणती बाई विसरेल? आणि आपण उद्या मेलो तर काय लिहितील, फाइली वेळेवर लावायचा म्हणून?

जळता जळता वामनराव शालिकरामाशी शर्यत लावून बसला. अंबागेटच्या आतल्या त्याच्या गल्लीत दिवा नव्हता. नऊ वर्षं त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता त्यानं घरोघर जाऊन अर्जावर अंगठे घेतले, वर आपली सही ठोकली आणि चार खेपा घालून खांब उभा करवला. गल्लीतले लोक त्याला रामराम घालायला लागले. मनकर्णाबाईनं तोंड भरून कौतुक केलं. माणिकबाई दिव्याखाली उभी राहून म्हणाली, "बेस काम केलं जी तुमी."

ती खरोखर खूश झाली होती. पण वामनरावाला तिच्या चेहऱ्यावर भलतंच दिसलं. ही आता तिकडचा दिवा आठवत असणार, तिकडचा खांब जरा उंच होता असं म्हणत असणार मनात! तो तडक घरात गेला. पुढं त्यानं अंगणात शेवंती लावली. ती किडली, तेव्हा रोपांवरचा राग त्यानं बायकोवर काढला.

"तुमाले झालं काय हाय?" माणिकबाई एक दिवस कळवळून म्हणाली. "चार महिने झाले, नीट बोलत नाही, का जेवत नाही. माह्या हातून काही चुकलं काय?"

"तुह्या मनाले इचार," तो म्हणाला.

तिनं मनाला विचारलं असेलही, पण त्या बिचारीला उत्तर कुठून मिळणार? ती पदरानं डोळे पुसून भाकरी थापायला बसली. ते पाहून वामनरावाला वाईट वाटलं, आणि लगेच असंही वाटलं की ही रडते आहे ती कुणासाठी कोण जाणे.

मग त्यानं ठरवलं की याचा एकदाचा निकाल लावायचा. तिच्यासमोर ते नाव मोठ्यानं वाचलं गेलं पाहिजे, आणि त्या वेळी आपण तिचा चेहरा पाहायचा. चेहरा खोटं बोलत नाही. अकोल्याला मृत्यूच्या नोंदीची नक्कल मागितली की तिथला कारकून नोंद वाचून दाखवतो, आणि नक्कल मयताच्या नातलगालाच मिळते, म्हणजे तिला नेणं भागच होतं. घरी त्यानं सांगितलं, "माह्या नोकरीच्या बुकात तुहं नाव चढवायचं हाय. पाटाची बायको मनून पहिल्याच्या मरणाचा कागद लागते."

"आता नऊ सालानं?"

"सरकारचं काम हाय," वामनराव म्हणाला. हे उत्तर दिलं की वऱ्हाडात पुढं कोणी विचारत नाही.

लेकरं वलगावला आजीकडे ठेवून दोघं सकाळच्या गाडीनं निघाली. बडनेऱ्याला गाडी बदलली. माणिकबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि ती खिडकीतून कपाशीची वावरं पाहत होती. अकोला जवळ आलं तशी तिला तरतरी आली. "ते पाहा, तो पूल! मी लहान असतानी..." असं म्हणून ती थांबली, कारण वामनराव तिच्याकडे फौजदारासारखा पाहत होता.

नोंदीच्या कचेरीत खुशालराव नावाचा वयस्क कारकून होता. आपलाच धंदेवाला म्हणून त्यानं वामनरावाला खुर्ची दिली. माणिकबाई दाराजवळच्या बाकावर बसली. वामनरावानं आपली खुर्ची मुद्दाम अशी फिरवून घेतली की तिचा चेहरा समोर यावा.

"साल अठरा, साथीतलं मरण," तो म्हणाला. "शालिकराम वल्द नत्थुजी, माळी, राहणार जठारपेठ." नाव त्यानं सावकाश, एक एक अक्षर सुटं करून उच्चारलं आणि बायकोकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या पालीकडे बघत होती, जणू तिनं ऐकलंच नव्हतं.

खुशालराव पानं उलटायला लागला. साथीच्या दिवसांची पानं खालपर्यंत खच्चून भरलेली होती. त्यानं बोट फिरवत ऑक्टोबर काढला, नोव्हेंबर काढला, पुन्हा मागं गेला, मग एकोणीस सालचंही पुस्तक काढलं. अर्ध्या तासानं त्यानं चष्मा काढून पुसला.

"मेला नाही हा," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे अकोल्यात तरी नाही मेला. या नावाची नोंदच नाही. आम्ही साथीत एकही नाव सुटू दिलं नव्हतं जी. तुमचा माणूस जिवंत असन कुठंतरी."

आजवर वामनराव मेलेल्यावर जळत होता. आता तो मेलेलाच नव्हता! शेवंतीचं बक्षीस, मोत्यासारखं अक्षर, म्हाताऱ्या माळणीसाठी उचललेला हात, हे सगळं घेऊन तो कुठंतरी हिंडत होता आणि उद्या दारात येऊन उभा राहणार होता. मग पाटाचं काय? लेकरांचं काय? माणिक काय करील, लुगड्याची घडी घालील आणि उठून जाईल? त्याला वाटलं, आपण त्याच्यावर जळण्यात चार महिने घालवले, तेवढे दिवस तिच्याशी नीट बोललो असतो तर बरं झालं असतं.

"माणिक," तो बाकाकडे वळून म्हणाला. "तो जिता हाय मनतात."

"कोन?"

"शालिकराम. तुहा... तुहा पहिला."

माणिकबाई उठून मेजापाशी आली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, उघड्या पुस्तकाकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. "अगं माय! अवो, ते तं माहे भासरे. मोठे दीर. ते कशाले मरतीन? साथीनंतर दुकान मोडलं अन् पातुराले मळा केला त्यायनं. नातवंडं हायत त्यायले."

"भासरे?"

"होय ना. तुमाले कोनं सांगतलं का तेच मनून?"

कोणी सांगितलं होतं? कुणीच नाही. वामनराव खुर्चीत मागं टेकला. चार महिने तो ज्या माणसाशी शर्यत लावून धावत होता, तो माणूस पातूरला नातवंडं खेळवत होता आणि त्याला या शर्यतीचा पत्ता नव्हता.

खुशालरावाला या भानगडीत रस नव्हता, त्याला काम उरकायचं होतं. "बाई, मग मयताचं नाव काय ते तुमीच सांगा."

"गोवर्धन," माणिकबाई म्हणाली.

ना ती अडखळली, ना तिनं मान खाली घातली. गल्लीतल्या कुणाचंही सांगावं तसं सांगून मोकळी झाली. खुशालरावाला आता नोंद लगेच सापडली. त्यानं एका सुरात वाचली, "गोवर्धन वल्द नत्थुजी, जात माळी, वय एकोणीस, धंदा मजुरी, कारण ताप. खबर देणार भाऊ शालिकराम." एवढंच होतं. एक ओळ, आणि तीही पुरती भरली नव्हती.

वामनराव तिचा चेहरा पाहत होता. पाहायचं म्हणूनच तर एवढ्या लांब आणलं होतं.

"एकोनीस काय? मले वाटे वीस," ती म्हणाली. "गरीब होता बिचारा. मी तवा तेराची. मायेरीच राहो जास्त. आता तोंडबी नाही आठवत धड. हार ओवाले जावेनं शिकवलं मले, तेवढंच त्या घरचं हाती राह्यलं."

तिच्या आवाजात कीव होती. वामनरावाला वाटलं होतं ते त्यात काहीच नव्हतं. पण जुनी सवय एवढ्यानं जात नाही. त्याच्या डोक्यात आता दुसराच विंचू चढला. नऊ वर्षं ज्या नावानं आपल्याला जाळलं, ते हिनं असं धडधडीत उच्चारलं, तेही परक्या पुरुषासमोर! त्या गोवर्धनाचं नाव हिच्या तोंडाला इतकं सोपं?

खुशालरावानं अर्जाचा कागद पुढं ओढला. "अर्जदाराचं नाव?"

"माणिकबाई."

"सध्याच्या नवऱ्याचं नाव?"

माणिकबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. ती जमिनीकडे पाहायला लागली.

"बाई, नवऱ्याचं नाव बोला. अर्ज तुमचा हाय."

"यायले इचारा ना," ती पुटपुटली.

"काहून?" वामनराव एकदम ताडकन बोलला. "त्याचं सांगतलं ना आता? खणखणीत सांगतलं. मंग माहं काहून नाही निघत तोंडातून?"

माणिकबाईनं वर पाहिलं. नऊ वर्षांत ती नवऱ्यावर कधी रागावली नव्हती, ती आता रागावली. "काय बोलून राहिले तुमी? तो तं मेला. मेलेल्याचं नाव घेतलं तं त्याचं काय अजून जाते? नवऱ्याचं नाव घेतलं तं नवऱ्याचं वय कमी होते मनतात. खरं का खोटं मले नाही मालूम. पन मी काहून घेऊ? मले तुमी लय वर्सं पाह्यजे."

एवढं बोलून ती बाकावर जाऊन बसली आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं. खुशालराव उगाचच निबेचं टोक तपासायला लागला. लोकांच्या जन्ममरणाचे कागद लिहून लिहून म्हातारा झालेला माणूस, कुठं मान खाली घालावी ते त्याला कळत होतं.

जरा वेळानं त्यानं टाक दौतीत बुडवला. "हं, सांगा जी. नवऱ्याचं नाव?"

वामनराव उघड्या पुस्तकातल्या गोवर्धनाच्या ओळीकडे पाहत होता. खुशालरावानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कुठं त्याला आपलं नाव सांगता आलं, आणि ते सांगताना बाकाकडे पाहायची त्याची हिंमत झाली नाही.